आयसीयूमधलं नळीचं फीड: नवीन जॉइन झालेल्यांसाठी पहिल्या दिवसापासूनचं गाइड

आयसीयूत नवीन जॉइन झालात की सगळं लक्ष व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि इन्फ्युजन पंपांकडे जातं, ते साहजिकच आहे, पण त्या गडबडीत पेशंटच्या नाकातून गेलेल्या फीडच्या नळीतून दिवसभरात खरंच किती आत गेलं हे बघायचं राहून जातं. ऑर्डरमध्ये १५०० मिली लिहिलेलं असतं, चार्टची बेरीज केली तर ९०० भरते, आणि मधले ६०० कुठे गेले ते कोणालाच सांगता येत नाही. मला या लेखात मुख्यतः हेच सांगायचंय, की फीडची ऑर्डर लिहिणं सोपं आहे, ते पोटात पोचवणं हे काम आहे, आणि ते काम बेडजवळ असलेल्या माणसाचं आहे.

हे नवीन सिस्टर, ब्रदर, ज्युनियर डॉक्टर आणि इंटर्नशिपला आलेले डायटिशियन अशा सगळ्यांसाठी लिहितोय. मोठ्या माणसांबद्दलच आहे, लहान मुलांचं गणित पूर्ण वेगळं असतं. तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलमध्ये आकडा वेगळा असेल तर प्रोटोकॉल पाळा, पण तो वेगळा का आहे ते सिनियरना नक्की विचारा.

आधी थोडं, हे इतकं महत्त्वाचं का ते. खूप आजारी माणसाचं शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं आणि त्याचा वेग भयंकर असतो, २०१३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आयसीयू पेशंटच्या मांडीचा पुढचा स्नायू अल्ट्रासाउंडने मोजला होता तर दहाव्या दिवसापर्यंत त्याचं क्षेत्रफळ सरासरी १७ टक्क्यांहून जास्त घटलेलं निघालं. फीड दिल्याने हे पूर्ण थांबतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, थांबत नाही, पण उपाशी ठेवलं तर नंतर व्हेंटिलेटर सुटायला, उठून बसायला, चालायला लागायला जे बळ लागतं ते आणणार कुठून? शिवाय आतड्यात काहीच गेलं नाही तर आतड्याचं अस्तर झिजायला लागतं. म्हणून पोट चालत असेल तर नळीने पोटातच द्यायचं, शिरेतून नंतर बघू, हा पहिला नियम.

१. सुरू करायचं का, आणि कधी

तोंडाने खाता येणार नाही असा पेशंट आला की २४ ते ४८ तासांच्या आत फीड सुरू व्हायला पाहिजे, अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही गाइडलाइन्स हेच सांगतात. "पोटाचे आवाज येत नाहीत म्हणून थांबलोय" असं अजूनही ऐकू येतं. आवाज हवा पुढे सरकण्याचे असतात, व्हेंटिलेटर आणि सिडेशनवरच्या (झोपेच्या औषधावरच्या) पेशंटमध्ये ते कमीच ऐकू येणार, त्यावरून आतडं अन्न घेईल का नाही ते कळत नाही. तसंच गॅस पास होण्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

मग थांबायचं कधी? बीपी अजून हातात आलेलं नाही, बीपी वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा डोस दर तासाला वाढतोय, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) चढतंय, तेव्हा थांबा, कारण अशा वेळी आतड्याला रक्तच कमी मिळत असतं आणि त्यात त्याच्यावर पचनाचं काम टाकलं तर आतडं काळं पडू शकतं. २०१८ च्या एका मोठ्या फ्रेंच अभ्यासात शॉकमधल्या (बीपी कोसळलेल्या) व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना लवकर नळीने पूर्ण फीड दिलं तेव्हा आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडण्याचे प्रकार शिरेतून फीड दिलेल्यांपेक्षा जास्त दिसले होते. पण डोस स्थिर झाला किंवा उतरायला लागला की तासाला १० ते २० मिली इतकं थोडंसं सुरू करता येतं, बीपीचं औषध चालू आहे एवढ्या एकाच कारणाने चार-चार दिवस उपाशी ठेवू नका. बाकी आतडं बंद असणं, आतड्याला रक्त न मिळणं, अन्ननलिकेत किंवा जठरात चालू असलेलं ब्लीडिंग, पोटातलं प्रेशर खूप वाढलेलं असणं, ही थांबण्याची खरी कारणं. पेशंट पालथा केलाय म्हणजे प्रोन पोझिशनमध्ये आहे, हे कारण नाही, तेव्हाही फीड चालतं.

२. नळी घालणं आणि ती पोटातच आहे याची खात्री

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण यातली चूक जीवावर बेतते.

सुरुवातीला बहुतेक ठिकाणी १४ किंवा १६ नंबरची जाड रायल्स ट्यूब असते, तिच्यातून पोटातलं काढताही येतं आणि औषधंही सहज जातात. काही दिवसांनी फीड नीट चालायला लागलं की ८ ते १२ नंबरची बारीक फीडिंग ट्यूब बरी, नाकाला आणि घशाला कमी टोचते, पण ब्लॉक पटकन होते. डोक्याच्या तळाचं हाड मोडलंय किंवा चेहऱ्याला जबर मार आहे अशी शंका असेल तर नाकातून अजिबात घालायची नाही, तोंडातून घालायची. नळी घालण्याआधी प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) एकदा बघून घ्या.

मापायचं असं: नळीचं टोक नाकाच्या शेंड्यावर धरा, तिथून कानाच्या पाळीपर्यंत न्या, आणि कानाच्या पाळीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. जो सेंटिमीटरचा आकडा आला तो लक्षात ठेवा, मोठ्या माणसात साधारण ५० ते ६० च्या आसपास येतो, आणि थोडं पुढे जावं लागू शकतं कारण हे माप कधीकधी जरा कमी पडतं. पेशंट शुद्धीत असेल तर आधी काय करणार ते शांतपणे सांगा, बसतं करा, नळी घशाशी आली की हनुवटी छातीकडे झुकवायला सांगा आणि गिळायला सांगा, प्रत्येक गिळण्याबरोबर नळी थोडी थोडी पुढे. जोर लावायचा नाही. खोकला आला, ऑक्सिजन सॅच्युरेशन पडलं, आवाज बदलला तर लगेच मागे घ्या.

आता नवीन लोकांना हमखास चकवणारी गोष्ट. बेशुद्ध किंवा सिडेशनवरचा पेशंट खोकत नाही, त्यामुळे नळी श्वासनलिकेत गेली तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि एंडोट्रेकियल ट्यूबचा (श्वासनलिकेत घातलेल्या व्हेंटिलेटरच्या ट्यूबचा) कफ म्हणजे फुगा फुगवलेला असला तरी बारीक नळी त्याच्या बाजूने सरकून थेट फुप्फुसात उतरू शकते. म्हणजे "सहज गेली" हा नळी पोटात असल्याचा पुरावा होत नाही.

मग खात्री कशी करायची? सिरिंजने हवा ढकलून पोटावर स्टेथोस्कोप लावून गुडगुड ऐकायची पद्धत खूप ठिकाणी अजून चालते, ती पुरेशी नाही, नळी फुप्फुसात किंवा प्लुरामध्ये (फुप्फुसाभोवतीच्या आवरणात) असली तरी तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघायची पद्धतही सोडा. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून फीड देणं हे "कधीही घडता कामा नये" अशा घटनांच्या यादीत आहे, आणि तिथला नियम असा की नळीतून काढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याखाली आला तर पुढे जा, नाहीतर एक्स-रे. आयसीयूत बहुतेक पेशंट पँटोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या औषधावर असतात, त्यामुळे पीएच वर जातो आणि मग एक्स-रेच करावा लागतो, म्हणून पहिल्यांदा नळी घातल्यावर एक्स-रे हे गृहीतच धरा.

एक्स-रे बघताना फक्त "खाली दिसतेय" यावर थांबू नका, चार गोष्टी क्रमाने बघा. नळी छातीच्या मधोमध सरळ उतरतेय का, का एका बाजूच्या श्वासनळीच्या वळणाने जातेय? श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तो फाटा नळी मधूनच ओलांडून सरळ खाली जातेय का? डायफ्राम मध्यरेषेजवळ ओलांडतेय का? आणि टोक डायफ्रामच्या खाली डावीकडे नीट दिसतंय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना खूपदा फिल्मच वर कापलेली असते आणि टोक दिसतच नाही, तेव्हा "असेलच" म्हणायचं नाही, पुन्हा काढायला लावा. एक्स-रे कोणाचा आणि कधीचा तेही बघा, कालच्या फिल्मवरून आजच्या नळीला ओके देणं हा प्रकार होतो. बारीक नळीत तार असते ती खात्री झाल्यावर काढायची, आणि एकदा काढली की नळी पेशंटच्या आत असताना परत घालायची नाही, नळी फोडून बाहेर येते.

ओके झालं की नाकपुडीपाशी कितीचा आकडा आहे तो चार्टवर लिहा आणि नळीवर मार्कर करा. दर शिफ्टला, प्रत्येक फीड किंवा औषधाआधी, उलटी किंवा जोरदार खोकल्यानंतर, पेशंट सीटीला जाऊन आल्यावर हा आकडा बघायचा. बदलला असेल तर फीड बंद, आधी पोझिशन परत तपासा. चिकटपट्टी रोज बदला आणि नळी नाकपुडीच्या कडेला दाबली जाणार नाही अशी लावा, तिथे होणारी जखम दिसायला छोटी असते पण भरायला फार वेळ घेते.

३. किती द्यायचं, एक गणित करून बघू

पहिल्यांदा वजन. सुजलेल्या पेशंटचं आजचं वजन पाण्याचं असतं, त्यामुळे आजाराच्या आधीचं वजन नातेवाइकांना विचारा. खूप लठ्ठ पेशंटसाठी वेगळं गणित आहे, ते डायटिशियनकडून करून घ्या, खऱ्या वजनाला सरळ २५ ने गुणू नका.

ढोबळ टार्गेट म्हणजे दिवसाला किलोमागे २५ कॅलरी आणि १.२ ते १.३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. हे टार्गेट पहिल्याच दिवशी गाठायचं नाहीये, ते पुढच्या स्टेपमध्ये येतंच.

समजा पेशंट ६० किलोचा. ६० गुणिले २५ म्हणजे १५०० कॅलरी. समजा फॉर्म्युल्याच्या (तयार फीडच्या) लेबलवर लिहिलंय की १ मिलीत १ कॅलरी आणि लिटरमागे ५५ ग्रॅम प्रोटीन. तर १५०० मिली लागेल, २४ तासांनी भागलं की तासाला साधारण ६३ मिली, आणि प्रोटीन सुमारे ८२ ग्रॅम म्हणजे किलोमागे १.३७. छान बसलं.

पण पेशंट प्रोपोफॉल या सिडेशनच्या औषधावर आहे. प्रोपोफॉल हे तेलाच्या इमल्शनमध्ये असतं आणि त्याच्या १ मिलीत १.१ कॅलरी असतात. तासाला १० मिली चालू असेल तर दिवसाला २४० मिली, म्हणजे २६४ कॅलरी नुसत्या सिडेशनमधून गेल्या. त्या वजा केल्या की फीडमधून १२३६ कॅलरी उरल्या, म्हणजे तासाला साधारण ५१ मिली. इथपर्यंत बहुतेक लोक बरोबर येतात आणि इथेच थांबतात. आता प्रोटीन बघा: १२३६ मिलीत ६८ ग्रॅम, किलोमागे १.१३ वर आलं, कमी पडलं, कारण प्रोपोफॉलमध्ये प्रोटीन शून्य. म्हणून एकतर जास्त प्रोटीनचा फॉर्म्युला घ्यायचा नाहीतर प्रोटीन पावडर वेगळी द्यायची. डेक्स्ट्रोज (शिरेतून जाणारी साखर) चालू असेल तर त्याच्याही कॅलरी धरा, ग्रॅममागे ३.४.

पाण्याचं पण गणित असतं. १ कॅलरीच्या फॉर्म्युल्यात साधारण ८० ते ८५ टक्केच पाणी असतं, २ कॅलरीच्या घट्ट फॉर्म्युल्यात ७० टक्क्यांच्या आसपास. सोडियम वर जायला लागलं की सलाइनकडे बघण्याआधी पेशंटला पाणी किती मिळतंय ते मोजा.

प्रोटीन जितकं जास्त तितकं चांगलं असं समजू नका. २०२३ मध्ये छापून आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रोटीन देऊन फायदा दिसला नाही, उलट किडनीला अचानक इजा झालेल्यांमध्ये त्रास जास्त होतोय असं दिसलं. मात्र डायलिसिस सुरू झालं की अमिनो ॲसिड बाहेर जातात आणि गरज वाढते, त्यामुळे "किडनी आहे, प्रोटीन कमी करा" हा सरधोपट नियम आयसीयूत चालत नाही. ग्लुटामिन या अमिनो ॲसिडच्या पुड्या वगैरे रुटीन म्हणून देऊ नका, २०१३ च्या एका ट्रायलमध्ये अनेक अवयव निकामी झालेल्या पेशंटना ते दिल्यावर मृत्यू जास्त झाले होते.

आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन बघून "न्यूट्रिशन कमी पडतंय" असं ठरवायचं नाही. आजारात, इन्फेक्शनमध्ये, सुजेत अल्ब्युमिन पडतंच, फीड कितीही द्या.

४. स्पीड हळू वाढवा, आणि फॉस्फेट बघा

तासाला २० मिलीने सुरू करून दर ८-१२ तासांनी सहन होतंय ते बघत वाढवत नेणं, आणि तीन ते सात दिवसांत टार्गेटला पोचणं, हे बहुतेकांना चालतं. पहिल्या दिवसांत शरीर स्वतःच साखर बनवून रक्तात सोडत असतं, फीड चालू असलं तरी ते थांबत नाही, म्हणून तेव्हा पूर्ण कॅलरी ओतल्या तर जास्तच होतात: साखर चढते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, लिव्हरमध्ये चरबी साठते. २०२३ च्या एका फ्रेंच ट्रायलमध्ये शॉकमधल्या पेशंटना पहिला आठवडा अगदी कमी कॅलरी दिल्या तरी मृत्यू वाढले नाहीत आणि ते आयसीयूतून बाहेर जायला थोडे आधी तयार झाले. म्हणजे लवकर सुरू करा आणि हळू वाढवा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

रिफीडिंग सिंड्रोम मात्र पाठच करा. पाच-सात दिवस पोटात काही नाही, वजन खूप उतरलंय, बीएमआय कमी, रोजची दारू, अशा पेशंटला अचानक फीड मिळालं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढलं जातं. फॉस्फेट पडलं की स्नायूंना ताकद मिळत नाही, डायफ्राम थकतो, हृदयाची लय बिघडते, आणि बाहेरून दिसतं एवढंच की पेशंट व्हेंटिलेटरवरून सुटत नाहीये. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवण दिल्यावर हे पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं होतं. अशा पेशंटला फीड किंवा ग्लुकोज सुरू व्हायच्या आधी थायमिन, कमीत कमी १०० मिलिग्रॅम, मग पहिल्या दिवशी किलोमागे १० ते २० कॅलरीच, आणि पहिले तीन दिवस तरी फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज, जास्त रिस्क असेल तर दर १२ तासांनी. पडलं तर भरून काढा आणि फीडचा वेग कमी करा. फॉस्फेट बऱ्याच ठिकाणी रुटीन ब्लड टेस्टमध्ये नसतंच, ते वेगळं मागावं लागतं, आणि मागायचं कोणालाच सुचत नाही, ते तुम्ही सुचवा.

५. पंप चालू असताना

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. बेडला कोन दाखवणारा काटा असतो तो बघा, नजरेने ३० वाटतं ते बऱ्याचदा २० असतं. पाठ पुसताना, चादर किंवा डायपर बदलताना बेड सपाट केला की तेवढ्यापुरता पंप थांबवा आणि वर केल्यावर परत सुरू करा, हा दुसरा भाग सगळ्यात जास्त विसरला जातो.

हात धुवा, पावडर स्वच्छ पाण्यात कालवली असेल तर टांगल्यापासून ४ तासांत संपवा किंवा टाका, उरलेल्यात नवीन मिसळायचं नाही. सीलबंद पिशवी लेबलवर लिहिलं तेवढा वेळ चालते. सेट दर २४ तासांनी बदला, पिशवीवर तारीख-वेळ लिहा.

दर ४ तासांनी ३० मिली पाण्याने फ्लश. औषधाआधी फ्लश, औषध, मग फ्लश, आणि प्रत्येक औषध वेगळं, सगळ्या गोळ्या एकत्र कुटून फीडमध्ये मिसळणं म्हणजे नळी बंद पाडायची तयारी. सस्टेन्ड रिलीज आणि एंटेरिक कोटेड गोळ्या कुटायच्या नाहीत, एकतर सगळा डोस एकदम सुटतो नाहीतर कोटिंगचा उपयोग जातो, फार्मासिस्टला सिरप किंवा दुसरा पर्याय विचारा. फेनिटॉइन (फिट्सचं औषध) आणि सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) फीडबरोबर नीट शोषले जात नाहीत, त्यांच्या आगेमागे फीड थांबवावं लागतं, पण मग तेवढं फीड कमी जातं हे हिशोबात धरा.

आणि कनेक्शन. फीडची लाइन चुकून शिरेच्या लाइनला जोडली गेली तर पेशंट दगावू शकतो. म्हणूनच आता फीडसाठी शिरेच्या लाइनला न बसणारे वेगळे कनेक्टर आले आहेत. तरी सवय हीच ठेवा की जोडण्याआधी लाइन हाताने धरून पेशंटच्या नाकापर्यंत माग काढायचा, रात्री कमी उजेडात तर नक्कीच.

६. अडचण आली तर लगेच फीड बंद करू नका

ॲस्पिरेट (सिरिंजने नळीतून परत ओढून काढलेलं पोटातलं) जास्त आलं: २०० मिली आलं म्हणून फीड थांबवणं ही जुनी सवय आहे. पोटात लाळ आणि जठररस मिळूनच तासाला बरंच जमा होतं. २०१३ च्या फ्रेंच ट्रायलमध्ये ॲस्पिरेट मोजलंच नाही तरी न्यूमोनिया वाढला नाही, म्हणून बरीच युनिट्स आता रुटीन मोजत नाहीत. तुमच्याकडे मोजत असतील तर ६ तासांत ५०० मिलीच्या वर गेल्याशिवाय, उलटी किंवा पोट फुगणं नसेल तर, थांबवायचं कारण नाही. काढलेलं साधारणपणे परत घालतात, त्यात जठररस आणि क्षार असतात. खरंच जास्त असेल तर पोटातलं पुढे सरकवणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड किंवा एरिथ्रोमायसिनबद्दल डॉक्टरांना विचारा, ईसीजीवरचं क्यूटी अंतर बघून, आणि तरीही जमत नसेल तर नळीचं टोक जठराच्या पुढे लहान आतड्यात नेतात.

उलटी, पोट टम्म, हात लावल्यावर पेशंट कळवळतो, लॅक्टेट नव्याने वाढलं: इथे मात्र थांबवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा, वाट बघू नका.

जुलाब झाले की सगळे फॉर्म्युल्याला नावं ठेवतात. आधी औषधांचा चार्ट बघा. सिरपमध्ये सॉर्बिटॉल असतं, अँटिबायोटिक चालू असतात, कोणीतरी बद्धकोष्ठतेचं औषध लिहून ठेवलेलं असतं आणि ते बंद करायचं राहिलेलं असतं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या अँटिबायोटिकनंतर जुलाब करणाऱ्या जंतूची टेस्ट पाठवा. हे सगळं बघून झाल्यावर मग फॉर्म्युला बदलायचा विचार. उलट बाजूने, चार-पाच दिवस शौच नाही हेही लक्षात ठेवून सांगा, पोट फुगण्याचं ते साधं कारण असू शकतं.

नळी ब्लॉक झाली तर कोमट पाणी, मोठी सिरिंज, हलकं पुढे-मागे. छोट्या सिरिंजने प्रेशर फार येतं आणि नळी फाटते. कोल्ड्रिंक घालू नका, आंबटपणाने फीडमधलं प्रोटीन आणखी गोठतं.

साखर १४० ते १८० च्या मध्ये ठेवायचा प्रयत्न असतो. इन्सुलिनचा पंप चालू आहे आणि फीड कुठल्याही कारणाने बंद केलं, तर त्याच क्षणी इन्सुलिनचं काय करायचं ते विचारा. फीड बंद, इन्सुलिन चालू आणि पेशंट सिडेशनवर, म्हणजे साखर ४० पर्यंत उतरली तरी तो सांगू शकत नाही.

७. थांबलेले तास मोजा

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या ६०० मिलीकडे येऊ. ते एकदम जात नाहीत. सीटीसाठी दोन तास, ड्रेसिंगला एक, प्रोसिजर होणार म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलं आणि ती दुपारी कॅन्सल झाली, पंपचा अलार्म वाजला म्हणून बंद केला, पिशवी संपली आणि नवीन स्टोअरमधून यायला उशीर. एकेक कारण योग्यच वाटतं. तासाला ६३ च्या हिशोबाने सहा तास बंद म्हणजे ३७८ मिली, दिवसाचा चौथा हिस्सा गेला, आणि हे आठवडाभर चाललं तर काय होतं ते तुम्हीच बघा.

यावर उपाय आहे. टार्गेट तासाचं न ठेवता दिवसाचं ठेवायचं. समजा पहिल्या १२ तासांत पंप सहाच तास चालला, ३७८ गेले, तर उरलेले ११२२ मिली उरलेल्या १२ तासांत, म्हणजे तासाला साधारण ९४. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये तासाला १५० ही कमाल मर्यादा असते. हे ज्यांचं फीड आधीच टार्गेटला पोचलंय आणि सहन होतंय त्यांच्यासाठी. नवीन सुरू केलेल्या, रिफीडिंगच्या रिस्कच्या किंवा शॉकमधल्या पेशंटला असं भरून काढायचं नाही.

थांबवलं की चार्टवर तीन गोष्टी लिहा: किती वाजता, का, आणि परत कधी सुरू करायचं. तिसरी गोष्ट लिहिली नाही की शिफ्ट बदलताना ती हरवते. प्रोसिजर कॅन्सल झाली की फीड सुरू करायला कोणी सांगेल याची वाट बघू नका, फोन करून विचारा. व्हेंटिलेटरची ट्यूब काढायच्या आधी सहा तास उपाशी ठेवायची पद्धतही आता तपासून बघायला हवी, २०२३ मध्ये आलेल्या फ्रान्समधल्या ट्रायलमध्ये ट्यूब काढेपर्यंत फीड चालू ठेवलेल्यांमध्ये ट्यूब परत घालावी लागण्याचं प्रमाण वाढलं नाही. तुमच्या युनिटचं धोरण काय ते सिनियरना विचारा.

राउंडला प्रेझेंट करताना "फीड चालू आहे" असं म्हणू नका. "काल टार्गेट १५००, गेलं ११००, कारण सीटी आणि दोन उलट्या" असं म्हणा. मी जिथे जिथे हे वाक्य रोज बोललं जाताना बघितलंय तिथे फीड सुधारलेलं बघितलंय, कारण आकडा ऐकला की कोणीतरी प्रश्न विचारतंच.

८. नातेवाईक

बाहेर बसलेले लोक हमखास विचारतात, "त्यांनी काही खाल्लं का?" हा प्रश्न कधीही उडवून लावू नका, आपल्या माणसाच्या पोटात काही गेलं का हीच त्यांना सगळ्यात आधी कळणारी भाषा असते. सांगा की नळीतून थोडं थोडं चोवीस तास चालू आहे, त्यात प्रोटीन, साखर, चरबी, जीवनसत्त्वं सगळं मोजून असतं. आणि घरून आणलेलं पातळ काही नळीतून घालू देऊ नका, का नाही तेही प्रेमाने समजवा: नळी ब्लॉक होते, जंतू जातात, आणि किती कॅलरी गेल्या ते मोजता येत नाही.

९. शिरेतून फीड, पोटातली नळी, आणि नळी काढणं

पोट अजिबातच चालत नसेल तर शिरेतून न्यूट्रिशन द्यावं लागतं, पण आधीपासून बऱ्या तब्येतीच्या पेशंटला पहिल्या आठवड्यात त्याची घाई नको, २०११ च्या बेल्जियममधल्या मोठ्या ट्रायलमध्ये आठव्या दिवसापर्यंत थांबलेले पेशंट लवकर सावरले आणि त्यांच्यात इन्फेक्शन कमी झाली. आधीच कुपोषित असेल तर मात्र लवकर. नळी चार आठवड्यांहून जास्त लागणार असं दिसलं की पोटावरून थेट जठरात घालायच्या नळीचा विचार होतो.

व्हेंटिलेटर सुटला की सगळ्यांना नाकातली नळी काढायची घाई होते आणि पेशंटलाही ती नकोच असते. पण खूप दिवस ट्यूब घशात असलेल्या माणसाचं गिळणं बिघडलेलं असू शकतं, पाणी न खोकता गुपचूप फुप्फुसात जातं. आधी गिळण्याची तपासणी, स्पीच थेरपिस्ट असेल तर त्यांच्याकडून. मग तोंडाने थोडं थोडं सुरू, दिवसा भूक लागावी म्हणून नळीचं फीड रात्री. ताटातलं किती खाल्लं ते मोजून लिहा, "जेवला" एवढंच नको. सलग दोन-तीन दिवस तोंडाने गरजेच्या निम्म्याहून बरंच जास्त, साधारण ६० ते ७५ टक्के, जायला लागलं की डायटिशियन आणि डॉक्टरांशी बोलून नळी काढा. काढण्याआधी थोडी हवा ढकलून नळी रिकामी करा, चिमटून बंद करा आणि पेशंटला श्वास रोखायला सांगून एका सलग ओढीत बाहेर घ्या, म्हणजे नळीतला थेंब घशात पडत नाही. वॉर्डला शिफ्ट करताना हँडओव्हरमध्ये वजन, रोजचं टार्गेट आणि तोंडाने किती जातंय हे तीन आकडे लिहून द्या, कारण वॉर्डमध्ये गेल्यावर खाणं परत कमी पडण्याचा धोका असतो आणि हे आकडे मागायला तिथून फोन येईलच असं नाही.